लाखनीची दिवेलागण

प्रवासाला निघण्यापूर्वी त्या गावी पाहण्यासारखे काय आहे हे विचारून घ्यावे, असा आम्हां शहरी मंडळींचा रिवाज आहे. या परीक्षेत भंडारा जिल्ह्यातील लाखनी सपशेल नापास व्हायची. किल्ला पाहायचा तर पवनी किंवा आंबागड गाठावे, वाघ पाहायचा तर नागझिऱ्याच्या जंगलात शिरावे. लाखनीला उतरावे ते लाखनीत काही काम असेल तरच. मी दिवाळीला तिकडे चाललो आहे असे कळल्यावर आमच्या इमारतीतील एका सद्‌गृहस्थांनी मोठ्या सहानुभूतीने विचारले, “तिथे आहे तरी काय?”

त्यांना द्यायचे उत्तर आता माझ्याजवळ आहे. लाखनीला रोज संध्याकाळी, दिवस बुडण्याच्या आगेमागे, पाऊण तासाचा एक कार्यक्रम असतो. त्याला तिकीट नाही, ध्वनिक्षेपक नाही, अध्यक्षांचे भाषण नाही आणि त्यातील पात्रे कधी उशिरा येत नाहीत. कार्यक्रम एवढाच, की परसातल्या कोंबड्या खुराड्यात परत येतात. वाचक हसतील, पण हसण्यापूर्वी थोडे माझ्याबरोबर चलावे अशी विनंती आहे.

नागपूरहून एस. टी. पूर्वेला निघाली की साठेक किलोमीटरवर भंडारा येते. कारध्याजवळ वैनगंगेचे रुंद पात्र ओलांडले की दोन्ही बाजूंना धानाची शेते सुरू होतात. इकडे धानाच्या शेताला ‘बांधी’ म्हणतात. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला आलेले असते, भारी धान अजून हिरव्यापिवळ्या रंगात उभे असते, आणि कापलेल्या धानाची पुंजणी जागोजाग रचलेली दिसतात. मधूनमधून पाणी चमकते. हे तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांची करणी. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले. त्यातली आद्याक्षरे उचलून लोक आता त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. एवढ्या भाच्यांना वर्षानुवर्षे पाणी पाजणाऱ्याला दुसरे कोणते नाव शोभले असते?

भंडाऱ्यापासून आणखी वीसेक किलोमीटरवर लाखनी. हा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. सुरतेजवळचे हजिरा आणि ओडिशातील पारादीप अशी दोन समुद्रांवरची दोन टोके तो जोडतो. त्यामुळे लाखनीच्या डोक्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. ‘डोक्यावरून’ हा शब्द शब्दशः घ्यावा, कारण गावावरून उड्डाणपूलच गेला आहे. वर दोन समुद्रांमधली धावपळ आणि खाली तालुक्याचे गाव: बाजार, कचेऱ्या, शाळा, आणि जरा आत वळले की कवेलूची घरे.

अशाच एका घरी मी उतरलो होतो. माझा पुण्यातला एक मित्र मूळचा इथला. त्याची आई पंच्याहत्तरीची, पाठीत किंचित वाकलेली, पण डोळ्यांनी खणखणीत. घरापुढे सपरी, म्हणजे आपली ओसरी. मागे सांदवाडी, म्हणजे परस. तिथे शेवग्याचे एक झाड, वालाचा मांडव, तणसाचा ढीग आणि भिंतीला लागून मातीचे बुटके खुराडे. त्याच्या दाराला लाकडी फळी आणि फळीला टेकण म्हणून एक गुळगुळीत दगड. खुराड्याचे मालक बारा कोंबड्या आणि एक कोंबडा. शिवाय नऊ पिल्ले होती, पण ती अजून आईच्या पंखाखालची असल्याने स्वतंत्र मोजणीत धरली जात नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी सांदवाडीत खुर्ची टाकून बसलो. दिवाळीच्या दिवसांत इथे पावणेसहाच्या आतच सूर्य बुडतो. मुंबईकराचे घड्याळ इथे फसते. घड्याळ साऱ्या देशाचे एक, पण सूर्य प्रत्येक गावचा वेगळा. मुंबईपेक्षा लाखनी पूर्वेला असल्यामुळे इथला दिवस जवळजवळ अर्धा तास आधी आटोपतो. सव्वापाचलाच हालचाल सुरू झाली. दिवसभर शेजारच्या खळ्यावर आणि गल्लीत पांगलेल्या कोंबड्या एकेक करून आवाराकडे सरकू लागल्या. कोणी घाई करीत नव्हते. दोन पावले टाकावी, एक दाणा टिपावा, मान तिरकी करून आभाळाकडे एक डोळा लावावा आणि पुन्हा दोन पावले. कचेरी सुटल्यावर भाजी घेत घेत घरी परतणारी माणसे आठवली.

“यांना बोलवावे लागत नाही?” मी विचारले.

“दिवस बुडाला का आपल्याच येतेत, बाबू. बलावाले जा लागत नाई,” आई म्हणाल्या. आणि त्या तांदळाच्या कनकीचे वाडगे घेऊन पायरीवर बसल्या.

खुराड्यापाशी मात्र शिस्त निराळी होती. प्रथम एक जाडजूड काळी कोंबडी आत शिरली. मग तिच्या खालोखाल मानाच्या दोन. एका उतावळ्या तलंगीने मध्ये घुसायचा प्रयत्न करताच तिच्या डोक्यावर अशी चोच बसली की ती मुकाट्याने मागे सरली. मानापमानाचा हा हिशेब पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडला तो नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी. कोणी कोणाला चोच मारायची आणि कोणी निमूट खायची याची प्रत्येक कळपात ठरलेली उतरंड असते, हे त्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या आयाबहिणींना त्यासाठी नॉर्वेला जावे लागले नसते, ही गोष्ट वेगळी.

सर्वांत शेवटी कोंबडा. दाराशी उभा राहून त्याने एकवार आवाराकडे पाहिले आणि मान खाली घालून तोही आत गेला. आई उठल्या, दाराशी वाकून बोटाने मोजू लागल्या. तेरा झाल्यावर फळी लावली, दगड टेकवला आणि मगच तुळशीपुढे दिवा लावायला गेल्या.

“आपण येतात तर मोजायचे कशाला?” मी पुन्हा विचारले.

“मोजल्याबिगर दार नाई लावाचं,” त्या म्हणाल्या. “एक दिवस नाई मोजलं, का तोच दिवस रानमांजराचा.”

कोंबडीला घड्याळ कळत नाही. तिला उजेड कळतो. ढगाळ दिवशी ती लवकर परतते, उन्हाळ्यात उशिरा. खग्रास ग्रहणाने भर दिवसा काळोख केला तर कोंबड्या दुपारीसुद्धा खुराड्याची वाट धरतात. हा उजेड ती नुसत्या डोळ्यांनीच मोजते असेही नाही. पक्ष्याच्या पातळ कवटीतून उजेड थेट मेंदूत झिरपतो आणि तिथल्या पेशींना तो कळतो. झाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून हा मार्ग दाखवून दिला. दिवस लहान होऊ लागले की कोंबडी अंडी कमी घालते तेही याच हिशेबाने. भर उजेडात रंग ओळखण्यात ती आपल्याहून सरस. आपल्याला न दिसणारा, जांभळ्याच्या पलीकडचा रंगही तिला दिसतो. पण अंधार पडला की ती आंधळ्यासारखीच. म्हणून ती अंधार पडल्यावर घरी येत नाही, अंधार पडायच्या आधी येते. तिच्या या सगळ्या शहाणपणामागे भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही. कोल्हा, उदमांजर, रानमांजर यांचा दिवस तिचा दिवस संपल्यावर सुरू होतो.

तिचे रानातले पूर्वज रात्री झाडावर बसत. आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे लाल रानकोंबडा. मध्य भारतात त्याची हद्द करड्या रानकोंबड्याच्या हद्दीला भिडते. हा करडा कोंबडा दक्षिण आणि पश्चिम भारतातला, त्याचीही आठवण घरच्या कोंबडीत उरली आहे. पिवळ्या पायांचे जनुक तिला त्याच्याकडून मिळाले, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आणि रानातला हा पक्षी माणसाच्या दारी आला कशाने? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे उत्तर दिले ते मला लाखनीत बसून फारच पटले. कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधील बान नोन वाट या ठिकाणी सापडली, ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्याच सुमारास त्या भागात भाताची आणि भरडधान्याची शेती सुरू झाली होती. सांडलेल्या दाण्याच्या ओढीने पाखरू रानातून खळ्यावर आले आणि तिथेच राहिले. म्हणजे धान आणि कोंबडी यांची सोयरीक मुळापासूनची आहे. आईंच्या वाडग्यातली कनकी हा त्या साडेतीन हजार वर्षांच्या कराराचा रोजचा हप्ता.

करार दोन्ही बाजूंनी पाळला जातो. अंडी आणि पिल्ले यांचे पैसे घरात आईंचे. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो, त्यांचा हिशेब त्या त्याला देतात. कोंबड्यांच्या पैशांचा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही. “हे पैसे माह्ये,” एवढेच त्यांनी मला सांगितले, आणि नातींच्या नव्या परकरपोलक्यांकडे पाहून हसल्या. असे घर काही हे एकटेच नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या मानाने ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. तितक्या साऱ्या पाखरांसाठी संध्याकाळी कोणीतरी दाराशी वाकत असणार, आणि बहुतेक घरांत ती बाईच असणार.

या घरात दिवाळीचा एक खास कायदा होता. कोंबड्या आत गेल्याशिवाय फटाका नाही. नातवंडांना तो पाठ होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती उदबत्त्या आणि फुलबाज्या हाती घेऊन सपरीत ओळीने बसली होती, आणि सांदवाडीतून ‘तेरा’ हा शब्द येण्याची वाट पाहत होती. कायदा घरापुरता होता, गल्लीला तो लागू नव्हता. साडेपाचला भिंतीपलीकडे कोणा पोराने सुतळी बॉम्ब लावला.

तो आवाज मी विसरणार नाही, आणि त्यानंतरचा कोलाहल तर नाहीच. निम्मी मंडळी आत होती, ती आतच दबली. बाहेरच्या साऱ्या उधळल्या. दोन वालाच्या मांडवावर चढल्या, एक माझ्या खुर्चीखाली शिरली. पिल्ले फुटलेल्या मण्यांसारखी चारी दिशांना पांगली आणि त्यांची आई, पिवळ्या पायांची करडी कोंबडी, पंख फडफडवीत भिंतीवरून पलीकडे गेली. पाठोपाठ फटाक्यांची लड सुरू झाली.

अर्ध्या तासात आम्ही सगळी गोळा केली. पिल्ले नऊच्या नऊ मिळाली. मोजणी मात्र बारावर थांबली. आई पुन्हा वाकल्या, पुन्हा मोजले, पुन्हा बाराच. तोवर काळोख पडला होता. घरात पूजेची तयारी झाली होती, वहिनी दोनदा येऊन पाहून गेल्या. मित्र म्हणाला, “आई, एका कोंबडीपायी पूजा थांबवायची का?”

आई बोलल्या नाहीत. त्यांनी पिल्लांच्या टोपलीकडे बोट दाखवले. दोन आठवड्यांची ती पिल्ले. अंगावर अजून धड पिसे नाहीत, स्वतःची ऊब स्वतः धरण्याचे वय नाही. आश्विनाच्या अखेरची रात्र धानाच्या मुलखात चांगलीच गार असते. पोते पांघरले तरी पोते म्हणजे आई नव्हे. प्रश्न एका कोंबडीचा नव्हता, दहा जिवांचा होता.

मी विजेरी घेऊन घराकडे येणारी वाट धुंडाळू लागलो. आईंनी मला थांबवले. “वाटेवर नको पाहू, बाबू. अंधारात ते हालत नाई. जेथं सांज झाली, तेथंच बसून राह्यते.” मग त्यांनी एक गोष्ट केली. पिल्लांची टोपली उचलून काखेत घेतली, वरचे पोते बाजूला केले, आणि त्या गल्लीत निघाल्या. गारवा लागताच नऊही पिल्लांनी एकच आकांत मांडला.

याकोब फॉन उक्सक्यूल या शास्त्रज्ञाच्या १९३४ च्या एका पुस्तकात कोंबडीची हकीगत आहे. पिलू काचेच्या हंडीखाली ठेवले, ते धडपडताना आईला दिसत होते पण त्याचा आवाज येत नव्हता, तर आईने लक्षही दिले नाही. पिलू आडोशामागे बांधले, दिसत नव्हते पण ओरडणे ऐकू येत होते, तर आई धावून आली. आईपण डोळ्यांत नसते, कानांत असते, असा त्या हकीगतीचा अर्थ. लाखनीच्या आईंनी तो अर्थ कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. पुस्तकात त्या गल्लीइतका गलका तरी कुठे होता? दर दोन मिनिटांनी फटाके फुटत. आई थांबत, आवाज विरू देत, पुन्हा चालत. दारोदारी पणत्या लागल्या होत्या. ‘काय झाले’ असे विचारणाऱ्यांना त्या ‘करडी’ एवढेच सांगत, आणि लोकांना तेवढ्यात कळत असे. बॉम्ब लावणारे पोरही आमच्या मागे निमूट चालत होते. एका वळणावर पुढे दुसऱ्या मुलांनी लड पसरली, तेव्हा त्यानेच धावत जाऊन त्यांना थांबवले.

चौथ्या घराच्या आवारात पिल्लांच्या ओरडण्याला उत्तर आले. बारीक, घशातल्या घशात: टुक्, टुक्, टुक्. मी विजेरी फिरवली. आवारात ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर करडी बसली होती. पिल्ले हाकेच्या अंतरावर रडत होती, ती उत्तर देत होती, आणि तरी तिला एक पाऊल टाकता येत नव्हते. जमीन कुठे आहे हेच तिला दिसत नव्हते. दिवसा जिला धरायला चार पोरे धावली असती, तिला आईंनी फळ तोडावे तसे दोन्ही हातांनी उचलले. ती हललीसुद्धा नाही. टोपलीत ठेवताच तिने पंख पसरले आणि नऊ आवाज एकामागून एक विझत गेले.

घरी आल्यावर खुराड्याशी पुन्हा मोजणी झाली. ‘तेरा’ हा शब्द ऐकताच सपरीतल्या मुलांनी जो जल्लोष केला त्यापुढे बाहेरची आतषबाजी फिकी होती. पूजेला तासभर उशीर झाला. लक्ष्मीने राग धरला असेल असे मला वाटत नाही. तिच्या येण्याच्या वेळी घरातले कोणी बाहेर राहिलेले तिलाही आवडले नसते.

पाडव्याच्या पहाटे, अजून उजाडले नव्हते, तोच कोंबडा आरवला. नागोयाच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की कोंबडा उजेड पाहून आरवतो असे नाही. पहाटेची वेळ त्याच्या शरीरातल्या घड्याळालाच कळते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण. झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडे कळते, एवढी भर त्या संशोधकांनी तिच्यात घातली. आईंनी दगड सारला, फळी काढली. पहिली काळी कोंबडी बाहेर आली, मग मानाप्रमाणे बाकीच्या. करडी सर्वांत शेवटी, पिल्लांसह. रात्रीच्या प्रसंगाची खूण तिच्या वागण्यात कुठेच नव्हती. ती सरळ तणसाच्या ढिगाकडे गेली आणि पायांनी उकरू लागली.

भाऊबीज आटोपली. आता गावोगावच्या मंडईचे दिवस सुरू व्हायचे होते, पण शहरातल्या रजा संपल्या होत्या. या एका घरातून तीन दिशांना तीन गाड्या निघाल्या: धाकटा हैदराबादला, मुलगी रायपूरला, माझा मित्र आणि मी पुण्याला. धानाच्या या मुलखातली मुले शिकतात आणि त्याच महामार्गाने पूर्वेला वा पश्चिमेला पांगतात. त्यांना गोळा करायला अंधाराची भीती उपयोगी पडत नाही, कारण शहरात अंधारच पडत नाही. रात्री अकरालाही दिवे लख्ख असतात, आणि परतायची वेळ झाली हे कोणाला कळतच नाही. आई मात्र रोज रात्री साडेआठला फोनपाशी बसतात. तिघांचे तीन फोन आले की आतल्या खोलीत जातात. ती मोजणी कशाची हे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

निघताना मी वाकून नमस्कार केला. येताना आमची एस. टी. रखडली होती आणि आम्ही रात्री नऊला दारात उभे राहिलो होतो, ते त्यांच्या लक्षात होते. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, तशा त्या म्हणाल्या, “पुढच्या दिवारीले येजो बाबू. पन उजेड राह्यता येजो.”